चाखलेलं खाल्ल्यात धरत नाहीत

आते,

उद्या तुझं बारावं. सकाळपासून घरात एकच वाद चाललाय, तुझ्या पानावर वडे किती वाढायचे. आई म्हणते पाच. "आता वन्संना कसली आलीय साखर? जन्मभर तू मोजून मोजून घातलंस, आता तरी पोटभर खाऊ दे." मी म्हणतो दोन. त्यावर आई माझ्याकडे असं बघते, जसा काही मी तुझ्या तोंडचा घास काढून घेतोय.

मी हट्टानं म्हणत नाहीये, आते. मला खरंच प्रश्न पडलाय. तू असतीस तर किती म्हणाली असतीस?

कारण तू एकाही गोष्टीला नुसतं 'बरं' म्हटलेलं मला आठवत नाही. तुझा पहिला शब्द 'कला?' आपल्या जूचंद्रात सगळेच 'कशाला'ला 'कला' म्हणतात, पण तुझ्या 'कला'त कशाला, का, कशावरून आणि तुला कुणी सांगितलं, असे चारही प्रश्न असायचे. शाळा तू दोन इयत्तांत सोडलीस. मी बीएस्सी झालो. आपल्या घरातला पहिला पदवीधर, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो, अजूनही सांगतो. पण कॉलेजात कुठल्या सरांनी मला जेवढे प्रश्न विचारले नाहीत, तेवढे तू एका वड्यावरून विचारलेस.

माझा निकाल लागला तेव्हा तू घरोघर पेढे वाटत फिरलीस. पुढच्याच वर्षी तुला साखर निघाली. नायगावच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला तेव्हा मी तुझ्या शेजारच्या स्टुलावर होतो. तू बाईंना म्हणालीस, "माजा जलम मिठागरान गेला. मिठान उभी रायले, मिठान जेवले. माज्या अंगान साखर आली कुठना?"

बाई हसल्या. "तेच तर बघायचंय, मावशी." मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पथ्य सांगितलं. गोड बंद, भात कमी, बटाटा कमी, तळलेलं बंद.

"वडे?"

"वडे तर अजिबात नकोत."

चहातली साखर त्याच दिवशी सोडलीस, पेढ्याकडे परत कधी मान वळवली नाहीस. पण वड्याचं काही तुला पटेना. गाव तुला हळदीला बोलवायचं ते वड्यांसाठी. कुणाच्याही घरी हळद असो, तांदूळ आणि उडीद दळायला जायच्या आधी तुला निरोप यायचा. लहानपणीच विधवा होऊन तू माहेरी परतलीस. लग्नघरात तुला ना ओटी, ना हळदीकुंकू. पण कढईसमोरचा पाट तुझा. तिथून तुला कुणी उठवू शकत नव्हतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं, मी फक्त पीठ आणि तेल बघत होतो.

"वडा काय गोड अस्तो?" तू मला विचारलंस. "तिखट कालवनाशी खातू आपुन. ए बीएस्सी, सांग ना."

बीएस्सी हे तू मला ठेवलेलं नाव. दिनेश हे माझं नाव तू बहुतेक विसरली होतीस.

मी तुला तांदळाच्या भाकरीचा कोरडा तुकडा दिला आणि सांगितलं, चावत राहा, गिळू नकोस. तू ओसरीवर बसून चावत राहिलीस. आई आतून बघून गेली, तिला वाटलं काहीतरी नवस असेल. बऱ्याच वेळानं तुझे डोळे मोठे झाले.

"गोड लागतंय रं!"

"तीच साखर. पिठात ती लपलेली असते. तोंडात थोडी सुटते, पोटात सगळी सुटते. भाकरी, भात, बटाटा, वडा, सगळ्यात तीच."

तू तो घास गिळलास आणि आंगणाकडे बघत राहिलीस. तुला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण तुझ्या तोंडावर वेगळंच काही होतं. शेजारच्या घरात इतकी वर्षं कोण राहत होतं ते आज कळावं, तसं. "म्हंजे जलमभर मी साखरच खात व्हते, ना मना कोनी सांगलं नाय," तू म्हणालीस. आणि मग लगेच, "बरं, मंग किती खावाची ता सांग. नको म्हनून सांगू नको. नको सांगाला शिकाला लागत नाय."

हे मला झोंबलं. पण तू लगेच पुढचं बोललीस. आजीच्या पायाचं बोललीस. मिठागरात खाऱ्या ढेकळानं आजीचा पाय कापला होता, ती जखम भरलीच नाही. तेव्हा कुणाला साखरेचं ठाऊक नव्हतं. पाय काळा पडला. मुंबईच्या दवाखान्यातून आजी परत आली ती एका पायाची. तिचं सगळं तू केलंस. तिला मोरीवर न्यायचीस ती कडेवर घेऊन.

"माजे पाय ऱ्हाऊ दे," तू म्हणालीस. "आनि मना कढईवरनं उठवू नको. या दोगांच्या मधी काय बसतंय ता बग तू. तुजं शिक्शान त्याच्यासाटीच हाय असं समज."

माझ्या पदवीला असं काम आजवर कुणीच दिलं नाही. मी वसई पूर्वेच्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये लागलो होतो, दिवसभर डब्यांचे नमुने तपासायचो. पण मला विचारलं तर माझी खरी प्रयोगशाळा आपल्या मागच्या पडवीत होती. औषधाच्या दुकानातून निळ्या द्रावणाची बाटली आणली. एक परीक्षानळी, एक स्पिरिटचा दिवा. नळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे काही थेंब टाकायचे, उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त, नारिंगी म्हणजे फार. आणि विटकरी झालं तर विचारायलाच नको.

पहिल्या दिवशी दिव्यात स्पिरिट नव्हतं, मी नळी घेऊन स्वयंपाकघरात गेलो तर आईनं झाडू उचलला. "माझ्या चुलीवर मूत उकळशील तर याद राख! बीएस्सी झालास म्हणून काय विटाळ धुतला गेला?" तू पडवीत पोट धरून हसत होतीस.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. जेवायच्या आधी एकदा मोरीवर जाऊन यायचं, मग जेवणानंतर दोन तासांनी तपासायचं, म्हणजे मागचं साठलेलं मधे येत नाही, हे त्यांनी शिकवलं. "गोळी चुकवायची नाही आणि पायाला रोज रात्री हात लावून बघायचं. एवढं पाळा, मग काय प्रयोग करायचे ते करा. आणि मला येऊन सांगा. मलाही बघायचंय."

मग सुरू झाली आपली मजा. तिला मजाच म्हणतो मी. रिकाम्या पोटी चहाबरोबर वडा खाल्लास, नारिंगी. तेच दोन वडे दुपारच्या जेवणात, भात अजिबात न घेता, आधी काकडी आणि मुळा, मग कोंबडीचं कालवण, आणि वरून देवीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत फेरी, हिरवट. वडे आणि भात दोन्ही, विटकरी. सुरणाचे काप कढईतून काढून सुकटीच्या चटणीशी खाल्लेस, हिरवं. बटाट्याची भजी, यावर मी म्हटलं, "याच्या नादाला नको लागूस." कारल्याचा रस पिऊन वडे खाल्ले तर कडूनं गोड मरतं, असं कुणीतरी तुला सांगितलं. तू तेही करून बघितलंस. रस पिताना तोंड वाकडं केलंस, आणि नळीतला रंग वडे खाल्ल्यावर व्हायचा तसाच झाला. "कडू पन गेलं, आनि गोड पन आलं," तू म्हणालीस. "दोन्हीकडना लुबाडले."

रंग तू स्वतः बघायचीस. नळी उन्हाला धरायची, एक डोळा मिटायचा. मग निकाल. "आज निळीला थोडा पाला लागलाय." कारखान्यातल्या माझ्या साहेबांना रंगाची इतकी पारख नव्हती, हे मी माझ्या लग्नात त्यांच्यासमोर बोललो होतो. तुला फार आवडलं होतं.

आणि मग ती हळद आली, मधल्या आळीतल्या म्हात्र्यांकडची. तू ताटात दोनच वडे घेतलेस. मी शेजारच्या पंगतीत होतो, डोळ्यांनी बघितलं. भात नाही. काकडी खाल्लीस. वर फेरीही मारलीस. आणि नळीत विटकरी! साधी नव्हे, गडद, तळाला गाळ बसलेली.

"दोनच खाल्ले," तू म्हणालीस.

"आते, खरं सांग."

"देवीची आन. दोनच."

तू देवीची खोटी शपथ घेणारी नव्हेस, हे मला माहीत होतं. मग ती साखर आली कुठून? मला आठवडाभर दुसरं काही सुचेना. द्रावण जुनं झालं असेल म्हणून नवी बाटली आणली. कालवणात कुणी गूळ टाकला का म्हणून म्हात्र्यांच्या सुनेला विचारलं, ती फणकारली. शेवटी पुढच्या हळदीला मी कारखान्यात सुट्टी टाकली आणि दुपारपासून मांडवाच्या मागे, तुझ्या कढईपाशी येऊन बसलो.

तू ओल्या फडक्यावर वडा थापलास, तेलात सोडलास, तो फुगून वर आला. पहिला वडा चुलीत टाकलास, चुलीचा मान. दुसऱ्याचा तुकडा मोडलास, फुंकर मारलीस आणि तोंडात टाकलास. "मीठ बराबर हाय." पुढचा घाणा निघाला, पुन्हा तुकडा. पीठ बदललं, पुन्हा तुकडा. कुणीतरी म्हणालं, जरा करपलेत का गं आते, पुन्हा तुकडा, तोही मोठा. परात भरत होती, तू चाखत होतीस, आणि तुझं पोट रिकामं होतं, कारण तळणारी सगळ्यांच्या मागनं जेवते.

मी तुझा हात धरला. "हे काय चाललंय?"

"काय? मीठ बगतंय."

"हे खाणं नाही का?"

तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मी विचारावं की विहीर ओली असते का. "चाखलेलं कोनी खाल्ल्यान धरतं?"

बाजूच्या बायका हसायला लागल्या. एकीनं तर सांगितलं, "आवो, चाखलं नाय तर घरच्यांचा अपमान व्हतो. तळनारीनं तोंडाला लावलं नाय म्हंजे तिला पीठ पसंत नाय." म्हणजे हे तुझ्या मर्जीचंही नव्हतं. तो रिवाज होता. गावभर कुणी खाण्यात न धरलेलं ते खाणं एकट्या त्या नळीनं धरलं होतं. मला राग यायला हवा होता. पण मी तर खूश झालो, आते! चोर सापडला होता. तुलाही तो सापडल्याचा आनंद झाला, कढईसमोर बसल्या बसल्या तू कपाळावर झारा मारून घेतलास. "आगो बाय! एक एक करून मी पंगत जेवले!"

पण मग तुझं तोंड उतरलं. चाखायचं नाही तर कढईवर बसायचं कसं? दुसरीनं चाखलं तर मान दुसरीचा.

मग वड्याचा तुकडा मोडलास, फुंकर मारलीस आणि माझ्या तोंडात कोंबलास.

"खा."

"मीठ ठीक..."

"बोलू नको. मी इचारलं नाय. खा, मी तुजं तोंड बगतंय."

त्या दिवसापासून तसंच ठरलं. दूरची हळद असली की मी सुट्टी टाकायचो. तू तुकडा माझ्या तोंडात घालायचीस आणि माझ्याकडे रोखून बघायचीस. कपाळ, भुवया, मी घास कसा फिरवतो ते. मग पिठात चिमूटभर मीठ टाकायचीस, नाहीतर मान हलवून पुढचा वडा थापायचीस. बायका म्हणायच्या, "हिरा आतेनी भाच्याची जीभ भाड्यानं आनलीय." मान तुझाच राहिला. मिठाचा अंदाज एकदाही चुकला नाही. आणि संध्याकाळी नळीत हिरवट रंग बघून तू म्हणायचीस, "बगलंस? आज मी दोनच खाल्ले, ना दोनच धरले."

मी मात्र जाड झालो. त्याबद्दल माझ्या बायकोनं तुला कधी माफ केलं नाही.

पुढं मी एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला. तू चार दिवस राहायला यायचीस. जेवणानंतर आपण बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायचो. तुला ते आवडायचं नाही. "हितं चालाला जागा हाय, पन पोचाला ठिकान नाय," असं तू म्हणायचीस. याच दिवसांत मी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन आकडा सांगणारं मशीन आणलं. नळीत निळं आलं तरी मशीनमधला आकडा वर असायचा. मी तुला समजावलं, रक्तात साखर बरीच वाढते तेव्हाच ती लघवीत उतरते. त्याच्या खाली काय चाललंय ते नळीला दिसत नाही.

तुझा चेहरा मला अजून दिसतो. "म्हंजे येवडी वर्सं ती बाटली खोटं बोलली?"

"खोटं नाही. अर्धं."

"अर्धं म्हंजे खोटंच की रं." तू त्या दिवशी जेवली नाहीस नीट. बाटलीवर तुझा जीव होता. पण दुसऱ्या दिवशी तूच बोट पुढे केलंस. सणाला मधेच कधीतरी तिसरा वडा व्हायचा तो बंद झाला, आणि फेरी लांबली.

आपला एक वाद मात्र मिटला नाही. तुझं म्हणणं होतं, तळलेला वडा भाकरीपेक्षा बरा, तेलामुळे साखर सावकाश चढते. मशीननं दोन तासांनंतर तुला साथही दिली होती. तू तो आकडा आईला, माझ्या बायकोला, वॉचमनला, सगळ्यांना सांगितलास. मी म्हणत होतो, सावकाश चढते म्हणजे उतरतेही सावकाश. आणि तेलाचा हिशोब हृदय वेगळा ठेवतं. "मंग चार तासानं बग ना," तू म्हणालीस. "बग, कोन खरं ता दिसल." मी म्हटलं, पुढच्या रविवारी बघू. त्या शुक्रवारी तुला ताप भरला.

ताप छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. चार तासांचा आकडा राहून गेला. मी तो माझ्यावर काढून बघू शकतो, मशीन घरात आहे. पण माझी साखर म्हणजे तुझी साखर नव्हे, आणि हरलो तर चिडवायला तू नाहीस. कोण खरं होतं, आते? मला अजूनही ते जाणून घ्यायचंय.

गावात एकदोघं कुजबुजले, साखर होती, वडे खायची, मग काय होणार. तुला आंघोळ घातल्यावर बायकांनी मला आत बोलावलं, नमस्काराला. मी खाली वाकलो. टाचांना मिठागरातल्या जुन्या भेगा होत्या. बोटं दहाच्या दहा. कुठं जखम नाही, काळं नाही. मी दोन्ही हातांनी दोन्ही पाय धरले, आणि ते दोन होते, आते. रडायच्या आधी मला अभिमान वाटला. तुझा, आणि खरं सांगतो, माझ्या पदवीचाही. तू दिलेल्या दोन कामांतलं हे एक. दुसरंही झालं, मागच्या मोसमाच्या शेवटच्या हळदीपर्यंत कढई तुझ्याकडेच होती.

आता उद्याचं. आई कढईवर बसणार आहे. मी तिला म्हटलं, मी येऊन बसतो, तुकडा दे, माझं तोंड बघ. तर ती म्हणाली, "वेडा झालास? वन्संच्या पानावर पडायच्या आधी तोंडाला लावायचं नसतं."

बरोबर आहे तिचं. नैवेद्याचं कुणी चाखत नाही. म्हणजे उद्या मीठ कमी का जास्त, कुणालाच कळणार नाही, तुझ्याआधी. इतक्या वर्षांनी तुझ्या तोंडचा तुकडा परत तुझ्याकडे येतोय, आणि तो माझ्या तोंडावर वाचायची तुला गरज नाही.

त्यावरून मला तोड सुचली. आईला आत्ताच सांगून आलो, तिलाही पटली. पानात दोनच वडे वाढायचे, काकडीच्या फोडींशेजारी, भात नाही. आणि पानाच्या बाहेर, कडेला, कढईतून निघालेला दुसरा वडा मोडून ठेवायचा, फुंकर मारून. मीठ बघायला.

तो मी खाल्ल्यात धरणार नाही.